बिजलीचा बंब आणि विसण

आमच्या सासऱ्यांच्या मते पाणी दोनच प्रकारचं असतं, उकळतं आणि थंड. मधलं काही त्यांना मान्यच नव्हतं. आंघोळीला बसायचं तर आधी बादलीत वाफाळतं, बोट घातलं तर चटका बसेल असं पाणी हवं. मग त्यात तांब्यातांब्याने थंड पाणी ओतून ते अंगाला सोसेल असं करायचं. हे वरून घालायचं थंड पाणी म्हणजे विसण. आमच्या घरात त्याला इसन म्हणत. इसन न घालता जे पाणी अंगावर घेता येतं ते तापलेलंच नाही, हा त्यांचा सिद्धांत. या एका सिद्धांतापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती असं मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत. पहाटे उठून ओल्या लाकडांना फुंकर घालायची पाळी त्यांच्यावर आलेली नसते.

ही गोष्ट बालाघाटची, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. माझे यजमान मँगनीजच्या खाणीच्या ऑफिसात होते आणि आम्हाला दुमजली इमारतीत क्वार्टर मिळाला होता. खाली दोन बिऱ्हाडं, वर दोन, आम्ही वरच्यातले. क्वार्टर बांधणाऱ्याने स्वयंपाकघरात सिमेंटचा ओटा दिला होता, पण माणसांना आंघोळीला गरम पाणी लागतं हे त्याच्या गावीही नव्हतं. रॉकेलचा स्टोव्ह स्वयंपाकालाच पुरेना. म्हणून मागच्या गॅलरीत मातीची चूल घातली होती. लाकडं खालून जिन्याने वर आणायची, धूर शेजारणीच्या वाळत घातलेल्या लुगड्यांत जायचा, आणि तिची बोलणी मी खायची.

घरात सहा माणसं. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आमच्या दोन मुली. आंघोळ केल्याशिवाय कोणी घराचा उंबरा ओलांडायचा नाही, हा सासऱ्यांचा दुसरा नियम. हिवाळ्यात तिथे थंडी अशी पडते की नळाच्या पाण्याने बोटं वाकडी होतात, म्हणजे सगळ्यांना तापलेलं पाणी आलंच. ते मी आणि सासूबाई मिळून तापवत असू. मी पेटवायची, त्या राखायच्या. आंघोळीचा क्रमही ठरलेला. आधी सासरे, मग यजमान, मग मुली, मग मी, आणि सगळ्यांच्या शेवटी सासूबाई, पातेल्यात खाली जे काही उरलं असेल त्यात. अनेकदा काही उरलेलंच नसे. तुम्ही आधी जा म्हटलं तर म्हणायच्या, मले सवय हाय.

आणि माझी शाळा सकाळपाळीची. गावातल्या हिंदी प्राथमिक शाळेत मी अस्थायी शिक्षिका होते. आमच्या बडी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, प्रार्थना सुरू झाली की हजेरीचं रजिस्टर कुलपात टाकत. त्या हिवाळ्यात माझ्या नावापुढे उशिराच्या इतक्या खुणा झाल्या होत्या की त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, यापुढे उशीर झाला तर पुढच्या सत्रात तुमचं नाव पाठवणार नाही. मला ही नोकरी हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावर माझा जीव होता. त्या चार तासांत मला कोणी सूनबाई म्हणत नसे. पण बहनजींना काय सांगणार, की लाकूड पेटत नाही?

हे सगळं मी यजमानांच्या कानावर इतक्या वेळा घातलं की शेवटी त्यांनी हातपाय हलवले. खाणीच्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांच्या बंगल्यातला जुना गीझर निघाला. तो यजमानांनी घेतला आणि हातगाडीवर घालून घरी आणला. चांगला उभा, पांढऱ्या पत्र्याचा, बुडाशी थोडा गंजलेला. न्हाणीघराच्या भिंतीवर तो चढला, गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्यात आलं, आणि बटण दाबल्यावर लाल दिवा लागला. मी त्या दिव्याकडे बघत उभीच राहिले. सासरे त्याला बिजलीचा बंब म्हणत. दुसऱ्या दिवशी चूल न पेटवता माझी आंघोळ झाली आणि शाळेत मी पहिली पोचले. चपराशी अजून कुलूप काढत होता.

सुख फार दिवस टिकलं नाही, कारण लाल दिवा विझायचा.

विझणारच. त्यात थर्मोस्टॅट होता. पाण्यात बुडालेली एक दांडी असते, पाणी पुरेसं तापलं की ती वीज तोडते, पाणी निवलं की पुन्हा जोडते. यजमानांनी हे वडिलांना नीट समजावून सांगितलं. सासरे ऐकून घेत होते, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही उतरली नाही.

"मालकाले न इचारता बंद होते?" त्यांनी विचारलं.

त्यांचंही एका परीने बरोबर होतं. त्यांचं आयुष्य वारासिवनीच्या एका राईस मिलमध्ये गेलं होतं, उसन्याच्या हौदांवर. उसना तांदूळ करायचा तर धान भिजवून वाफवावं लागतं, आणि पाणी पुरतं तापलं नाही तर सगळा माल आंबतो, त्याला वास मारतो. तिथे मुकादम म्हणून त्यांनी एकच गोष्ट सांभाळली होती, आग विझू द्यायची नाही. आणि इथे ही आग आपल्या मनाने विझत होती. अर्ध्या तापल्या पान्यानं धान बिघडते तं मानूस नाही का बिघडनार, असं ते मला अगदी गंभीरपणे विचारत.

बंबातलं पाणी चांगलं गरम असे. मी त्याने आंघोळ करत होते, मुली करत होत्या. पण त्यात विसण घालावं लागत नव्हतं, हेच त्याचं पाप. सासरे बादलीत बोट घालत, बाहेर काढत, त्या बोटाकडे बघत आणि मान हलवत. किरनापूरकडून त्यांचे चुलतभाऊ आले होते, त्यांनीही आंघोळ करून बाहेर येताच निकाल दिला की या पाण्यात जीव नाही. झालं. दुसऱ्याच दिवशी विजेचा मिस्त्री आला.

हा मिस्त्री म्हणजे एक नमुनाच होता. तोंडात पान, कानावर पेन्सिल, आणि वीज आपल्याच घरची असल्यासारखा थाट. थर्मोस्टॅटला तो 'ऑटोमॅटिक' म्हणे. झाकण उघडून त्याने आतला स्क्रू पार शेवटपर्यंत फिरवला आणि फुल कर दिया म्हणून गेला. आता पाण्याचा खरोखरच चटका बसू लागला. सासरे खूश. ते एक बादली कढत पाणी घेत आणि त्यात जवळजवळ तेवढंच थंड ओतत. मी न्हाणीघराबाहेर उभी राहून तांब्याचा तो आवाज ऐकत असे आणि माझं डोकं फिरत असे. विजेचे पैसे देऊन पाणी उकळायचं आणि मग नळाच्या पाण्याने ते गार करायचं! मी एकदा म्हटलं, मामाजी, थोडं कमी तापवलं तर विसण लागणारच नाही, वीज वाचेल. ते म्हणाले, इसन नाही तं आंघोळ कायची. हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मी हात टेकले.

शिवाय एका वेळी बंबात मोजकंच पाणी मावे. सासऱ्यांची कढत बादली निघाली की मागून थंड पाणी आत शिरे आणि ते पुन्हा उकळीपर्यंत जायला वेळ लागे. सासूबाईंची पाळी येईपर्यंत बंब रिकामा, किंवा बटण बंद. त्यांच्या आंघोळीत चूल काय आणि वीज काय, फरक पडला नव्हता.

इतक्या ताणाने जुना थर्मोस्टॅट किती दिवस टिकणार? एका सकाळी दिवा लागलाच नाही. पाणी बर्फासारखं. मी तशीच थंड पाण्याने आंघोळ करून, दात वाजवत शाळेत गेले. संध्याकाळी मिस्त्री आला, दांडी बाहेर काढली, नाकाजवळ नेली, आणि जल गया म्हणाला. नवी कुठे मिळेल विचारलं तर गोंदिया, नाहीतर नागपूर. पण काळजी करू नका, म्हणे, डायरेक्ट करून देतो. त्या माणसाकडे प्रत्येक रोगावर हे एकच औषध होतं. त्याने दांडीला बगल देऊन वीज सरळ जोडून टाकली. आता बटण दाबलं की बंब तापत सुटणार, आणि कोणी आठवणीने बंद करेपर्यंत तापतच राहणार.

कोणी आठवणीने बंद करणार म्हणजे कोण, ते सांगायला नकोच. मी पोळ्या लाटता लाटता पळायची, मुलींच्या वेण्या घालता घालता पळायची. आणि मी बंद केलं की सासरे पुन्हा सुरू करायचे, कारण पाण्याला अजून 'आवाज' आला नव्हता. त्यांना बंबातून खदखद ऐकू यायला हवी होती. एकदा मी शाळेत असताना ती खदखद अशी झाली की गच्चीवर काढलेल्या बंबाच्या वाफेच्या नळीतून उकळतं पाणी उडालं, आणि खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी तिथे वाळत घातलेल्या मुगाच्या वड्यांची पार लापशी झाली. मी घरी आले तेव्हा काकू जिन्यात उभ्याच होत्या. बोलणी पुन्हा मीच खाल्ली. सासरे आतून म्हणत होते की पाणी आज मस्त तापलं होतं.

यजमान छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरो गेजच्या गाडीने गोंदियाला गेले आणि थर्मोस्टॅट घेऊन आले. तो आखूड निघाला. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. दुकानदाराने बराच शोध घेऊन, माणूस पाठवून नागपूरहून मापाचा मागवला. तो आला, मी देवासमोर ठेवला नाही इतकंच. पण सासऱ्यांनी तो लावू दिला नाही. "राहू दे तो," ते म्हणाले. "आता कुठं बंब वळनावर आला." यजमानांनी वडिलांचा शब्द कधी मोडला नव्हता, आणि या असल्या गोष्टीसाठी तर ते मोडणारच नव्हते. थर्मोस्टॅट पुठ्ठ्याच्या डब्यात, कपाटात, माझ्या रेशमी साडीशेजारी जाऊन बसला. कपाट उघडलं की तो दिसे आणि माझा पारा चढे.

मग बिल आलं.

आकडा मी सांगत नाही. घरखर्च सासऱ्यांच्या हातात असे, माझा पगारही त्यांच्याच हाती जाई, त्यामुळे बिल पहिल्यांदा त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मीटरवाल्याला चुकीचं दिसलं असेल म्हणाले. शेजारी आमच्या तारेवर आकडा टाकत असतील म्हणाले. मुली रात्री दिवा लावून पुस्तकं वाचतात म्हणाले. विसण कुठेच आलं नाही. शेवटी संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवून त्यांनी फैसला सुनावला. महिना संपला की बंब काढायचा आणि वारासिवनीच्या भंगारवाल्याला देऊन टाकायचा. आजपासून त्याचं बटण कोणी दाबायचं नाही. चूल होती, चूल हाय.

मी म्हटलं, मामाजी, माझी शाळा आहे. चूल पेटवून मला वेळेवर पोचता येत नाही, आणि आता उशीर झाला तर ते मला काढून टाकतील.

"शाळा तं तशीबी टेंपरवारीच हाय नं," सासरे म्हणाले.

मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, बघू. मला त्या क्षणी त्या बघूचा जितका राग आला तितका सासऱ्यांचाही आला नव्हता. तुम्ही दोनदा गोंदियाला गेलात, तो डबा कपाटात पडलाय, आणि आता बघू? हे सगळं मनातल्या मनात. मी उठून आत जाणार होते, इतक्यात सासूबाई बोलल्या.

त्या कोपऱ्यात सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप त्यांनी खाली ठेवलं नाही, मानही वर केली नाही. सासऱ्यांसमोर त्या फारशा बोलत नसत, आणि चढ्या आवाजात तर कधीच नाही. त्या दिवशीही आवाज नेहमीचाच होता.

"जनमभर पाणी मी तापवलं. तवा त्याचं बिल काहून नाही आलं?"

सासूबाईंनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"काढा तो बंब. पन उद्यापासून चूल तुमी पेटवा. मी नाही उठत, अन् तिलेबी उठू देत नाही. तिले शाळा हाय."

मला वाटलं सासरे भडकतील. ते भडकले नाहीत. ठीक हाय म्हणाले, त्यात काय हाय, मिलमध्ये जनमभर आगच सांभाळली मी. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच ते उठले. सासूबाई डोक्यावरून गोधडी ओढून पडून राहिल्या होत्या. त्या जाग्या होत्या हे मला माहीत होतं, कारण गॅलरीतून प्रत्येक ठसका आला की गोधडी थोडी हलत होती.

मिलमध्ये ते मुकादम होते. आगीकडे बघत, आग घालत नसत. तिच्यात कोंडा टाकायला मजूर असत. इथे ओलं लाकूड, खालून येणारा वारा आणि ते. धूर सगळा त्यांच्याच डोळ्यांत. मी त्या दिवशी थंड पाण्याने आंघोळ करून वेळेवर निघून गेले, दुसऱ्या दिवशीही तसंच. शेजारीण धुराबद्दल बोलायला आली, तेव्हा मी तिला सरळ गॅलरीत पाठवलं. ती काय बोलली मला कळलं नाही, पण या वेळी बोलणी सासऱ्यांनी खाल्ली.

हे असं काही दिवस चाललं. एका सकाळी मी मुलींचे डबे भरत होते. सासऱ्यांनी पातेलं उतरवून न्हाणीघरात नेलं. पाणी जेमतेम कोमट झालं होतं, वाफसुद्धा दिसत नव्हती. विसणाची बादली काठोकाठ भरून शेजारी ठेवलेली होती. ते आंघोळ करून बाहेर आले, मी आत डोकावले. विसणाची बादली तशीच काठोकाठ भरलेली. एक तांब्याही कमी झाला नव्हता.

बोलायची फार इच्छा होती, तोंडापर्यंत आलं होतं, पण मी डबे भरत राहिले. जेवताना त्यांनी ताटाकडे बघतच यजमानांना विचारलं, तो पुर्जा पडला हाय नं कपाटात? मग आनला कशाले? लावून घ्या. म्हणजे आता दोष आमचाच की आम्ही इतके दिवस लावला नाही. माझ्या हातातला डाव आमटीत पडता पडता राहिला.

रविवारी थर्मोस्टॅट बसला. मिस्त्री पुन्हा फुल करायला निघाला, तेव्हा मी स्टुलाजवळ उभी राहिले आणि स्क्रू मध्यावर ठेवायला लावला. बीच में मजा नहीं आएगा, तो म्हणाला. मी म्हटलं, मजा नको, पाणी पाहिजे. सासरे बाहेर खुर्चीत बसून ऐकत होते, पण आत आले नाहीत.

सोमवारी मी उठले, बटण दाबलं, स्वयंपाकाला लागले. लाल दिवा लागला आणि आपल्या वेळेला आपोआप विझला. मी टॉवेल आणि साडी घेऊन न्हाणीघराशी गेले तर दाराला आतून कडी. मला वाटलं सासरे असतील. पण ते गॅलरीत खांद्यावर पंचा टाकून बसले होते.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"तुझी सासू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपली नेहमीची जागा कोणी घेतली आणि उठ कसं म्हणावं ते कळत नाही, असे ते बसले होते.

आतून तांब्याचा आवाज येत होता. एक तांब्या, मग थोडं थांबून दुसरा. घाई नव्हती. इतक्या वर्षांत त्या घरात आंघोळीला सगळ्यात आधी गेलेल्या सासूबाई मी पहिल्यांदाच बघत होते. सासऱ्यांना राहवलं नाही. ते दाराशी गेले, आणि पाणी बराबर तापलं का, इसन लागलं का, असं विचारू लागले.

"तापलं हाय. इसन नाही लागत," आतून उत्तर आलं. आणि मग, "थांबा थोडं."

आणि पुन्हा तांब्याचा आवाज. मी घड्याळाकडे पाहिलं. त्या बाहेर येईपर्यंत बंबात काही उरणार नव्हतं, आणि पुन्हा तापेपर्यंत प्रार्थना सुरू झाली असती. मी स्वयंपाकघरातल्या नळावर तोंड धुतलं, साडी बदलली आणि पिशवी उचलली. दाराशी सासऱ्यांनी माझ्या कोरड्या केसांकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे पाहिलं. मी तशीच बिनआंघोळीची शाळेत गेले, आणि प्रार्थनेच्या आधी पोचले.